पिवळी पानं उदास असतात का?

आजचा भाग जरा वेगळा आहे, कारण आज कानांबरोबर डोळ्यांनाही काम आहे. गाडी चालवत असाल तर हा भाग नंतर ऐका. बाकीच्यांनी एक करा. मोबाईलवर शोधा: लेवितान, सोकोल्निकी. एका बागेतली वाट दिसेल, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधून चालत येणारी काळ्या कपड्यांतली एक बाई. सापडलं? फुल स्क्रीन करा. मोबाईल आडवा करायची गरज नाही, हे चित्र उभंच आहे.

चित्रकार इसाक लेवितान, रशियाचा. साल १८७९. मूळ चित्र तैलरंगातलं, ६३.५ सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद. म्हणजे फार मोठं नाही, पण तुमच्या हातातल्या मोबाईलच्या रुंदीच्या सहा-सातपट आहे. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत ते आहे. नावाचं मराठी करायचं तर 'शरदातला दिवस. सोकोल्निकी'. यातल्या 'शरद' या शब्दावर मी नंतर भांडणार आहे, तोवर चालवून घ्या.

असं चित्र समोर आलं की मला हमखास एक प्रश्न येतो: "यात बघायचं काय? काही घडतच नाहीये." प्रश्न रास्त आहे. लढाई नाही, राजा नाही, देव नाही, कुणी रडत नाही, कुणी हसत नाही. एक बाई चाललीय, बस्स. तरी बहुतेकांना हे चित्र बघून आत काहीतरी होतं. कुणी म्हणतं उदास वाटलं, कुणी म्हणतं एकटं वाटलं, कुणी म्हणतं शांत वाटलं. तर हे 'वाटणं' येतं कुठून, हा आजचा विषय. आणि त्याला चिकटलेला दुसरा प्रश्न: पिवळं पान म्हणजे मृत्यू, वाट म्हणजे आयुष्य, असा प्रतीकांचा जो तयार कोश आपल्याला शाळेपासून पाठ असतो, तो इथे चालतो का?

आधी नुसतं बघू

अर्थाच्या मागे नंतर लागू. आधी आहे ते बघू.

खालच्या कडेपासून एक रुंद वाट निघते. ती आत जाते, अरुंद होत जाते आणि लांबवर हलकंसं वळण घेऊन झाडांत शिरते. वाटेच्या कडांना गळलेली पिवळी पानं. कडेलाच कोवळी, बारकी मेपलची झाडं, तीही पिवळी. त्यांच्या मागे पाइनची उंच, काळपट हिरवी झाडं. वर आकाश, ढगांनी भरलेलं. आणि वाटेवर आपल्याकडे चालत येणारी ती बाई.

आता रंग मोजा. पिवळा रंग लक्षात राहतो, पण तो किती थोडा आहे बघा. चित्राचा बराचसा भाग गडद हिरवा, राखाडी आणि मातकट आहे. पिवळा आहे तो त्या बारक्या झाडांवर आणि जमिनीवर. म्हणजे 'पानगळीचं चित्र म्हणजे सगळं सोनेरी' हा आपला समज इथे पहिल्याच फटक्यात गळून पडतो. कॅलेंडरवरच्या फोटोत सोनं सांडलेलं असतं. इथे ते चिमूटभर आहे, आणि त्याच्यामागे उभा आहे तो जुना, गडद वृक्षांचा समूह, ज्याची पानं गळत नाहीत. पाइन बाराही महिने हिरवा. म्हणून कोवळी झाडं पिवळी पडलीत आणि म्हातारी झाडं जशीच्या तशी उभी आहेत. वय आणि पानगळ यांचा आपण लावतो तो हिशेब इथे उलटा झालाय. हे मुद्दाम केलंय की बाग तशीच होती, यावर मी पैज लावणार नाही. पण चित्रात ते आहे, आणि बघणाऱ्यावर त्याचा परिणाम होतो.

मूड बांधावा लागतो

आपण म्हणतो "चित्रात उदासी आहे". जणू रंगाच्या ट्यूबमध्ये ती भरलेली मिळते. तसं नसतं. घर बांधतात तसा मूड बांधावा लागतो, आणि या चित्रात तो कसा बांधलाय हे आपल्याला चक्क बोट ठेवून दाखवता येतं.

एक, चित्राचा आकार. निसर्गचित्र म्हटलं की आपल्याला आडवी चौकट आठवते. डावीकडून उजवीकडे नजर पसरते, मोकळं वाटतं. इथे चौकट उभी आहे. नजरेला बाजूला पसरायला जागाच नाही. ती वर जाते किंवा आत जाते. बागेत असूनही दोन्ही बाजूंनी भिंती असल्यासारखं वाटतं ते यामुळे.

दोन, वाट. ती आपल्या पायांपासूनच सुरू होते. चित्रकाराने आपल्याला बाकावर बसवून देखावा दाखवलेला नाही, त्याने आपल्याला वाटेवर उभं केलंय. आणि वाट लांबवर वळते, त्यामुळे तिचा शेवट दिसत नाही. वाट सरळ जाऊन एखाद्या घराच्या दारात संपली असती, दारात दिवा असता, तर हेच ढग आणि हीच पानं आपल्याला घरी परतल्याची भावना देऊन गेली असती.

तीन, माप. बाईची उंची बघा आणि मागच्या झाडांची बघा. माणूस इवलासा, झाडं अजस्र. झाडं तिच्या अंगावर धावून येत नाहीत, तिला धमकावत नाहीत. त्यांना ती दिसतच नाहीये, असं काहीसं आहे. ही बेफिकिरी जास्त लागते.

चार, आकाश. ढग थांबलेले नाहीत, सरकताहेत असं वाटतं. खाली वाट आत जातेय, वर ढग सरकताहेत. सगळं कुठेतरी निघालंय. शांत चित्रातसुद्धा हालचाल असते, फक्त ती हळू असते.

या चार गोष्टींत 'पिवळं पान म्हणजे मृत्यू' असं काही आलं का? नाही आलं. तरी मूड तयार झाला. माझं म्हणणं इतकंच आहे की अशा चित्रातली भावना आधी रचनेत असते. प्रतीक नंतर येऊन त्यावर बसतं.

आता अंगठा वापरा

हा आजच्या भागातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. मोबाईलच्या स्क्रीनवर अंगठा ठेवा आणि त्या बाईला झाका. फक्त तिला. बाकीचं चित्र तसंच राहू द्या. दहा सेकंद बघा.

काय झालं? वाट अजून आहे, झाडं आहेत, ढग आहेत. पण एकदम ती नुसती एक बाग झाली. सुंदर आहे, थोडी ओलसर, थोडी गार. पण 'एकटं' वाटणं कमी झालं. गंमत आहे ना? बागेत एक माणूस आला की बाग एकटी वाटते, आणि तो माणूस काढून टाकला की तशी वाटत नाही! एकटेपण दिसायला निदान एक माणूस लागतो.

आता अंगठा काढा. ती परत आली. तिचा काळा पोशाख बघा. चित्रातल्या गडद रंगांपैकी सगळ्यात ठळक गडद ठिपका तिचा आहे. ती वाटेच्या मधोमध आहे, म्हणजे आपल्या वाटेवर. ती आपल्याकडे येतेय. थोड्या वेळाने आपल्या शेजारून जाईल. आपण तिला ओळखत नाही, ती आपल्याला ओळखत नाही. बोलू की नुसतेच बाजूला होऊ? ही जी छोटी अडचण आहे, तीच या चित्रातली 'घटना' आहे. म्हणजे काही घडत नाही असं नाही. घडायच्या जरा आधीचा क्षण आहे.

आणि आता खरी बातमी. ती बाई लेवितानने रंगवलेलीच नाही. ती रंगवली त्याच्या सोबत शिकणाऱ्या निकोलाय चेकॉव्हने. आडनाव ओळखीचं वाटतंय? कथा आणि नाटकं लिहिणाऱ्या अंतोन चेकॉव्हचा हा मोठा भाऊ. हे दोघं मॉस्कोच्या चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला विद्यालयात एकत्र होते. लेवितानच्या गाजलेल्या निसर्गचित्रांत पुढे माणसं जवळपास नाहीतच, असली तर मुंगीएवढी. म्हणजे ज्या आकृतीमुळे हे चित्र जगाच्या लक्षात राहिलं, ती त्याच्या मित्राच्या हातची आहे. एकटेपणाचं हे चित्र दोन दोस्तांनी मिळून केलंय, ही गोष्ट मला फार आवडते.

एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याचं नसलेलं शहर

लेवितानचा जन्म १८६० चा, आजच्या लिथुआनियाच्या सीमेवरच्या एका छोट्या गावातल्या गरीब ज्यू कुटुंबातला. कुटुंब मॉस्कोला आलं आणि १८७३ मध्ये हा मुलगा त्या विद्यालयात दाखल झाला. १८७५ मध्ये आई गेली, १८७७ मध्ये वडील गेले. सतराव्या वर्षाच्या आत मुलगा पोरका. परिस्थिती इतकी वाईट की विद्यालयाने त्याची फी माफ केली. तिथे त्याला एक मोठा गुरू भेटला, अलेक्सेई साव्रासोव्ह. साव्रासोव्हचं १८७१ मधलं एक चित्र रशियात शाळकरी पोरांनासुद्धा माहीत असतं: वितळता मळकट बर्फ, वाकडीतिकडी बर्चची झाडं आणि त्यांवर परतलेले कावळ्यांच्या जातीचे पक्षी. भव्य काहीच नाही. साध्या, जवळपास कुरूप जागेकडेही नीट बघितलं तर त्यात जीव असतो, हा धडा लेवितानने तिथे घेतला.

मग आलं १८७९. एप्रिलमध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर एकाने गोळ्या झाडल्या. झार वाचला. हल्लेखोर ज्यू नव्हता. तरी त्यानंतर मॉस्कोतून ज्यूंना बाहेर काढण्याचा हुकूम निघाला. तेव्हा रशियन साम्राज्यात ज्यूंना सरसकट कुठेही राहता येत नसे. त्यांच्यासाठी पश्चिमेकडचा एक पट्टा ठरवून दिलेला होता, आणि बाहेर राहायचं तर परवानगी लागे. अठरा वर्षांचा लेवितान भावंडांबरोबर शहराबाहेरच्या साल्तिकोव्का नावाच्या वस्तीत राहायला गेला. गुन्हा काय? जन्म.

सोकोल्निकी ही मॉस्कोतलीच बाग, शहरातल्या लोकांची फिरायला जायची जागा. आणि चित्राचं साल १८७९ च. ज्या वर्षी त्याला सांगितलं गेलं की हे शहर तुझं नाही, त्याच वर्षी त्याने त्या शहरातली सर्वांसाठी खुली असलेली वाट रंगवली.

इथे मला जरा ब्रेक लावायचा आहे. कारण पुढची उडी फार सोपी आहे: "अच्छा, म्हणजे काळ्या कपड्यातली बाई म्हणजे त्याची गेलेली आई, वाट म्हणजे हद्दपारी, पिवळी पानं म्हणजे संपलेलं बालपण!" टाळ्या मिळतील, पण आधार नाही. बाई तर त्याने रंगवलीच नाही. चरित्र माहीत असलं की चित्र जवळचं वाटतं, हे खरं. पण चरित्र ही चित्राची किल्ली नाही. चित्रात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतंय का, इतकंच तपासावं. जुळतं ते हे: लांबवर जाणारी वाट, तिथे उपरं वाटणारं माणूस आणि त्याची दखल न घेणारी उंच झाडं. त्यापुढे जाऊन आई वगैरे म्हणणं हे आपलं स्वतःचं लिखाण झालं.

पुढे काय झालं? हे चित्र विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात लागलं. पावेल त्रेत्याकोव्ह नावाचे एक व्यापारी रशियन चित्रं गोळा करत होते. त्यांनी १८८० मध्ये ते विकत घेतलं. लेवितानचं त्यांनी घेतलेलं हे पहिलं चित्र. १८९२ मध्ये त्रेत्याकोव्ह यांनी आपला सगळा संग्रह मॉस्को शहराला देऊन टाकला. त्याच १८९२ साली मॉस्कोतून ज्यूंना काढण्याची मोठी लाट आली होती, आणि तोवर नावाजलेला चित्रकार झालेल्या लेवितानलाही पुन्हा शहर सोडावं लागलं. मित्रांनी खटपट केली तेव्हा कुठे तो परत येऊ शकला. म्हणजे बघा, एकाच वर्षात त्याचं चित्र मॉस्को शहराच्या मालकीचं झालं आणि तो स्वतः मॉस्कोतून बाहेर काढला गेला.

आता 'शरद' या शब्दाशी भांडण

सुरुवातीला म्हटलं होतं ना? तर हे.

आपण इंग्रजी 'ऑटम'चं मराठी करताना बिनधास्त 'शरद' लिहितो. शब्दकोशात ते बरोबर आहे. पण डोळ्यांसमोर काय येतं ते बघा. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस ओसरलेला, नद्या निवळलेल्या, आकाश धुतलेलं, शेतात भात पिवळा होत आलेला. कोजागरीचं दूध, चांदणं, मग दिवाळी. दुपारी ऑक्टोबरची भाजून काढणारी उष्णता. यात उदास काय आहे? आपल्या परंपरेत तर दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना आयुष्य शरदांत मोजतात, शंभर शरद पाहा म्हणतात. ज्या ऋतूत तिकडे शेवट दिसतो, त्या ऋतूने आपण आयुष्य मोजतो!

मग आपली पानगळ कधी? शिशिरात, म्हणजे साधारण माघ-फाल्गुनात. विदर्भात किंवा तानसा-जव्हारकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाच्या जंगलात फिरून या. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. पण त्याच वेळी काय होत असतं? पळस पेटलेला असतो. काटेसावर, पांगारा यांच्या उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं असतात. पान गेलं आणि फूल आलं, हे आपल्याकडे एकाच फांदीवर दिसतं. म्हणून आपल्याला पानगळ दिसली की पाठोपाठ होळी आणि पाडवा आठवतो. रशियात पानगळीच्या पाठोपाठ येतो तो कित्येक महिन्यांचा बर्फ.

कारणही वेगळं आहे. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागला आणि गारवा वाढला की झाड पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, मोडून त्यातलं कामाचं ते परत आत घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की तो उघडा पडतो. आपल्याकडे साग पानं टाकतो तो मुख्यतः पाणी वाचवायला, कारण पुढे कोरडा उन्हाळा असतो. तिथे झाड अंधाराची आणि थंडीची तयारी करतं, इथे तहानेची.

म्हणून मी या चित्राला 'पानगळीचा दिवस' म्हणेन. 'शरद' म्हटलं की आपलं कोजागरीचं चांदणं त्यात शिरतं, आणि ते तिथे नाही.

यातून एक मोठी गोष्ट हाती लागते. ऋतूचं प्रतीक हे हवामानासारखंच स्थानिक असतं. 'पिवळं पान म्हणजे अंत' हा काही जागतिक नियम नाही. आणि रशियातसुद्धा तो एकमेव अर्थ नाही. कवी पुश्किनचा हा आवडता ऋतू. १८३० च्या पानगळीत साथीमुळे तो बोल्दिनो या गावी अडकून पडला आणि त्या थोड्या महिन्यांत त्याने इतकं लिहिलं की रशियन साहित्यात 'बोल्दिनोची पानगळ' हा शब्दप्रयोगच भरभरून निर्मितीसाठी रूढ झाला.

तोच चित्रकार, तोच ऋतू, सोळा वर्षांनी

आता दुसरं चित्र उघडा. लेवितान, 'सोनेरी पानगळ', साल १८९५. हेही त्रेत्याकोव्ह गॅलरीतच. या वेळी मोबाईल आडवा करा, कारण चित्र आडवं आहे: ८२ सेंटिमीटर उंच, १२६ सेंटिमीटर रुंद.

अरे! हा कुठला वेगळाच माणूस? गडद निळी छोटी नदी, काठावर सोन्यासारखे पिवळे बर्च, निळं आकाश, पांढरे हलके ढग. लांब हिरवं शेत, त्याच्याही पलीकडे खेड्यातली घरं. एकही काळा ठिपका मध्ये उभा नाही. मघाशी आपण केलेली यादी लावून बघा. चौकट आडवी, नजर पसरते. वाटेच्या जागी नदी आहे, तीही वळते, पण तिच्या दोन्ही काठांवर मोकळी जमीन आहे. आकाश मोठं आहे. पिवळ्याच्या शेजारी निळा ठेवलाय, त्यामुळे दोन्ही रंग एकमेकांना उजळवतात. सोकोल्निकीत पिवळ्याच्या मागे गडद हिरवा आणि राखाडी होता. पानं तीच पिवळी. शेजारी बदलले आणि मूड बदलला.

आता सांगा, १८९५ हे साल त्याच्यासाठी सुखाचं असेल ना?

नाही. त्या उन्हाळ्यात तो त्वेर प्रांतातल्या गोर्का नावाच्या ठिकाणी राहत होता. नैराश्याचे झटके त्याला तरुणपणापासून येत. जूनमध्ये त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. अंतोन चेकॉव्ह, जो स्वतः डॉक्टर होता, त्याला भेटायला तिथे गेला. याआधी काही वर्षं या दोघांचा अबोला होता, चेकॉव्हच्या एका कथेत लेवितानला स्वतःची टिंगल दिसली म्हणून. तो अबोला त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिटला होता. आणि उन्हाळ्यानंतर, त्याच परिसरातल्या एका छोट्या नदीकाठी या सोनेरी चित्राचं काम झालं.

(हे ऐकताना, वाचताना कुणाला आतून जड वाटत असेल तर थांबा आणि जवळच्या कुणाशी तरी बोला. सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

आपला तयार कोश इथे पुरता कोसळतो. उदास माणूस, उदास चित्र, असं सरळ गणित असतं तर १८९५ चं चित्र काळंकुट्ट असायला हवं होतं. मग हे उजळ चित्र म्हणजे मुखवटा का? मला तसंही वाटत नाही. त्या दिवशी ती नदी निळी होती, ते बर्च सोनेरी होते, आणि हा माणूस ते बघायला जिवंत होता. त्याने जे पाहिलं ते पूर्ण लक्ष देऊन रंगवलं. यापलीकडचा अर्थ काढायची मला घाई नाही.

हे आपल्या रोजच्या जगण्यातही कामाला येतं. कुणाच्या डीपीवर हसरा फोटो आहे म्हणून तो मजेत आहे असं नाही. कुणी पावसाळी, राखाडी स्टेटस टाकलं म्हणून तो बुडालाय असंही नाही. चित्र हा चित्रकाराचा मेडिकल रिपोर्ट नसतो, तसं स्टेटस हा मित्राचा रिपोर्ट नसतो. चेकॉव्हने केलं ते करावं. उठून भेटायला जावं.

मग प्रतीकं खोटी का?

नाही हो. प्रतीकं असतात. पण ती कशी तयार होतात ते बघू, आणि त्यासाठी तिसरं चित्र, शेवटचं. 'व्लादिमिर्का', १८९२. म्हणजे दुसऱ्यांदा मॉस्को सोडावं लागलं त्या वर्षीचं.

एक कच्चा रस्ता, सपाट माळ, प्रचंड ढगाळ आकाश. रस्त्याच्या बाजूने माणसांच्या पावलांनी पडलेल्या पायवाटा. नाव माहीत नसेल तर तुम्ही म्हणाल, शांत आहे, जरा एकसुरी आहे. आता नाव सांगते. व्लादिमिर्का म्हणजे ज्या रस्त्याने कैद्यांना बेड्या घालून सैबेरियाकडे चालवत नेत, तो रस्ता. आता परत बघा. त्या पायवाटा कुणाच्या पावलांनी पडल्या असतील? चित्रात एकही रेघ बदलली नाही, तुम्ही बदललात.

पण इथेही लक्षात घ्या, नाव कळल्यावर अर्थ उगवला कारण चित्रात त्याला जागा ठेवलेली होती. रस्ता क्षितिजापर्यंत गेलेला, आडोसा कुठेच नाही, आकाश डोक्यावर दाबणारं. एखाद्या गजबजलेल्या बाजाराच्या चित्राला 'व्लादिमिर्का' नाव दिलं असतं तर ते चिकटलं नसतं. प्रतीकाचे हे दोन पाय: एक लोकांच्या आठवणीत आणि एक चित्राच्या रचनेत. दोन्ही टेकले तरच ते उभं राहतं.

सोकोल्निकीच्या वाटेला हे लावून बघा. 'वाट म्हणजे आयुष्य' असं पाठ म्हणून काही होत नाही. ती वाट आपल्या पायापासून निघते, तिचं टोक दिसत नाही, आणि त्यावर एक अनोळखी माणूस आहे, हे बघितल्यावर मग आयुष्याची आठवण आली तर ती खरी.

आता तुमच्यासाठी गृहपाठ

फार नाही, पाच मिनिटांचा. कुठलंही शांत निसर्गचित्र घ्या, लेवितानचंच पाहिजे असं नाही. पहिलं मिनिट नुसतं काय काय आहे ते मोजा. दुसऱ्या मिनिटाला स्वतःला विचारा, चित्रकाराने मला कुठे उभं केलंय? तिसऱ्या मिनिटाला अंगठ्याने एक एक गोष्ट झाका आणि काय बदलतं ते बघा. चौथ्या मिनिटाला चित्राचं नाव, साल, जागा वाचा आणि परत बघा. पाचव्या मिनिटाला, आणि तेव्हाच, स्वतःला विचारा की मला काय वाटलं. क्रम उलटा केलात तर तुम्हाला चित्र दिसणार नाही, स्वतःचाच मूड दिसेल.

फेब्रुवारीत आपली पानगळ सुरू झाली की आणखी एक करून बघा. आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या निष्पर्ण झाडाचा फोटो काढा. एकदा मोबाईल उभा धरून, एकदा आडवा. एकदा कुणी चालत येत असताना, एकदा रस्ता रिकामा असताना. चार फोटो शेजारी ठेवा. झाड तेच, दिवस तोच. चारही फोटोंत वेगळं काही वाटलं, तर लेवितान काय करत होता ते तुमच्या हाताला कळलं असं समजा.

लेवितान १९०० मध्ये गेला, चाळिशीही गाठली नाही. त्याच्या कुटुंबाला ज्या शहरात राहायची परवानगी मागावी लागली, त्या शहरात त्याची ती वाट आज कुणीही, कुठलीही परवानगी न मागता जाऊन बघू शकतं. आपण तर बसमध्ये बसूनही बघू शकतो.

आजच्यासाठी एवढंच. ज्या मित्राला चित्रं 'समजत नाहीत' असं वाटतं, त्याला हा भाग पाठवा आणि अंगठ्याचा प्रयोग करायला लावा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी!